नाव कमी करण्याबाबत

प्रिय हजर,

तुझं खरं नाव लिहूनच सुरुवात करणार होते, पण ते मी इतकी वर्षं दगडावर वाचत आलेय की कागदावर उतरवायला हात पुढे होईना. म्हणून सगळे म्हणतात तेच म्हणते. खरं तर रविवारी तुला भिंतीपाशी गाठून तोंडानंच सांगावं असं मनात होतं. पण तुला मी चांगली ओळखून आहे. अवघड विषय निघाला की तू तो अधू कान माझ्याकडे करतोस आणि झाडांना पाणी घालायला लागतोस. कागदापुढे तुझं ते चालणार नाही. फार तर फाडशील. फाडायचाच असला तर शेवटपर्यंत वाचून मग फाड. मला वहिनी म्हणतोस ना, मग वहिनीचं एवढं ऐक.

काल समितीची बैठक झाली. विषय एकच होता, भिंतीवरचं तुझं नाव ठेवायचं की काढायचं. बैठक आहे हे तुला समितीतल्या बसड्रायव्हरनं सांगितलंच असेल, त्याच्या पोटात काही राहत नाही. निकाल काय लागला तेही मी सांगणार आहे, पण नुसता निकाल कळला तर तू त्याचा भलताच अर्थ लावशील आणि आठवडाभर तोंड फिरवून बसशील. तेव्हा जरा दमानं घे. मी आज ऑफिसला रजा टाकलीय आणि चहाचा थर्मास भरून घेतलाय. एरवी तक्रारींच्या खिडकीवर बसून दिवसभर दुसऱ्यांचं ऐकते, आज माझी बोलायची वेळ.

आपल्या संस्थेचं पूर्ण नाव तुला पाठ नसेल, मलाही नाही. ‘कर्तव्य बजावताना’ असं ते सुरू होतं आणि पाटी रंगवणाऱ्याला शेवटची अक्षरं मुंगीएवढी काढावी लागलीत. म्हणून गेलेल्या पोलिसांची नावं कोरलेल्या त्या भिंतीवरून सगळे नुसतं भिंत म्हणतात. भिंतीची मीटिंग, भिंतीचा शिक्का, भिंतवाल्या बाई. भिंतवाल्या बाई म्हणजे मी. अध्यक्ष म्हटलं की लोकांना काय काय वाटतं. प्रत्यक्षात काम काय, तर गाड्यांच्या वर्कशॉपवरच्या त्या खोलीत, खालून येणाऱ्या ऑइलच्या वासात, चौघांची भांडणं सोडवायची, कालपरवा नवरा गेलेल्या मुलीला कुठल्या टेबलावर कोणता कागद द्यायचा ते समजावायचं, आणि स्मरणदिनाच्या पाहुण्याला भाषण आटोपतं घ्यायला सांगायचं. शिवाय नवं नाव. यंदा एकही नसू दे, असं दरवर्षी मनात म्हणते. एकदाच तसं झालं, तर चिटणीस म्हणाले, पाहुण्यांना काय दाखवायचं?

तुझं नाव तिथं कसं गेलं हे तुला तुकड्यातुकड्यांनी कळलंय, कारण तू तेव्हा शुद्धीवर नव्हतास. एकदा सलग सांगते. त्या गोदामाच्या जिन्यावर तुम्हा दोघांना गोळ्या लागल्या तेव्हा स्मरणदिन अगदी तोंडावर आला होता. तुझे साहेब, म्हणजे आमचे हे, जिन्यावरच गेले. तुला यंत्रावर ठेवलं होतं. मी तेव्हा समितीत नव्हते, कशातच नव्हते. बसवलं की बसायची, उठवलं की उठायची. चिटणीस तेव्हाही हेच होते, आपले कलमसाहेब. निवृत्त झाले तरी पोलीस ठाण्यातली बोली काही सुटली नाही, पाणी मागतानाही एखादं कलम लावतील. त्यांनी इस्पितळात चौकशी केली. मोठे डॉक्टर म्हणाले, आता नुसतं यंत्र चालू आहे, घरच्यांची समजूत पटली की बंद करू. तिकडे पाथरवट लांबून येणारा, वर्षातून एकदाच यायचा. दगड आडवा करून ठेवलेला, पाहुणा ठरलेला. कलमसाहेबांनी विचार केला असणार, आज एका नावासाठी आणि परवा दुसऱ्यासाठी असं त्या म्हाताऱ्याला कशाला दमवायचं, आणि दोन्ही नावं एकदमच कोरून घेतली. वाईट हेतू नव्हता रे. आपल्या लोकांना सवयच जडलीय, माणूस गेलेला धरून चालायची. इस्पितळातून फोन आला की बाकीचे विचारतात, बरं आहे ना? आपल्यातले विचारतात, किती वाजता? दुसऱ्या कुठल्याही संस्थेच्या हातून अशी चूक झाली नसती.

स्मरणदिनाला तुझी बायको आली होती. हे तिनं तुला कधी सांगितलं नसणार. इस्पितळातून तशीच आली, अंगावर आदल्या दिवशीचेच कपडे. तुझ्यासाठी नव्हती आली. तू उठून येऊ शकत नव्हतास म्हणून तुझ्या साहेबांसाठी आली, माझ्याजवळ उभी राहायला. पाहुण्यानं पडदा ओढला. मी वरचं नाव वाचत होते, खालचं मला दिसलंच नाही. माझ्या हातातला तिचा हात एकदम गार पडला एवढं कळलं. तिला वाटलं, ती निघून इथं पोचेपर्यंत तू गेलास आणि तिच्याआधी सगळ्या गावाला कळलं. ती रडली नाही, ओरडली नाही. माणसं बाजूला सारत फाटकापर्यंत गेली आणि मग पळत सुटली, चपला हातात घेऊन, भर रस्त्यातून. वॉर्डात नर्स तुझी चादर बदलत होती. तिनं विचारलं, कधी गेले? नर्स म्हणाली, कोण? हे मला पुढे त्या नर्सनंच सांगितलं. त्या दिवसापासून तुझी बायको भिंतीकडे फिरकली नाही.

आणि तू मात्र पायावर उभा राहिलास तो तडक तिथंच आलास. डाव्या हातात काठी, मान एका अंगाला, बोलताना शब्दाशब्दाला थांबणारा. तुला आठवतो ना तो पहिला स्मरणदिन? आपल्याकडे भाषणं झाली की हजेरी होते. ठाण्यात घेतात तशीच, चिटणीस एकेक नाव पुकारतात आणि त्या त्या घरातलं कुणीतरी उभं राहून ‘हजर’ म्हणतं. नवा माणूस पहिल्यांदा बघतो तेव्हा त्याला पाणी प्यावं लागतं. त्या वर्षी कलमसाहेबांनी तुझ्या साहेबांचं नाव घेतलं, मी हजर म्हटलं, आणि पुढे तुझं नाव गाळून त्यांनी पान उलटलं. तेव्हा मागून आवाज आला. तू स्वतःचं नाव स्वतःच पुकारलंस, बक्कल नंबरासकट, आणि स्वतःच म्हणालास, हजर. अर्धी माणसं रडली, अर्धी हसली. मीसुद्धा हसले, कित्येक महिन्यांनी. तिथून तुझं नावच हजर पडलं.

मग तू भिंतीचाच होऊन गेलास. दर रविवारी सकाळी येणार, दगड पुसणार, कुंड्या हलवणार. शाळेची मुलं आली की त्यांना एकेक नाव दाखवत जाणार आणि शेवटी आपल्या नावावर बोट ठेवून म्हणणार, आणि हा मी. मुलं दचकायची, मास्तर ओशाळायचे, तुला मजा वाटायची. आम्हालाही वाटायची. नाव पुसायचा विषय सुरुवातीला दोनदा निघाला, पण आमची चूक आम्हालाच उकरायची लाज वाटत होती, आणि तूच हसत होतास म्हटल्यावर बरंच फावलं. म्हणायचो, माणूस जिवंत आहे, खुशाल आहे, दगडाचं काय एवढं. त्या दगडावर पुढचं नाव कोरायचं मात्र कुणाच्या मनात आलं नाही. पुढची नावं शेजारच्या नव्या दगडावर गेली आणि तुम्ही दोघंच तिथं उरलात, वर तुझे साहेब आणि खाली तू.

तू खुशाल नाहीस हे कळायला मला वेळ लागला. तुला खात्यानं मुद्देमालाच्या खोलीत बसून करायचं काम दिलं होतं, ते तू सोडलंस. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंना दारातून परत पाठवायला लागलास. कुठल्याही कागदावर सही करायची वेळ आली की म्हणायचास, मेलेल्या माणसाची सही चालत नाही. पहिल्यांदा सगळे हसले. तिसऱ्यांदा तुझी बायको उठून आत गेली, मी तिथंच होते. आणि तुझी लेक. तिच्या वर्गात नव्या बाईंनी विचारलं, वडील काय करतात, तर पोर म्हणाली, भिंतीवर असतात. तिला चेष्टा करायची नव्हती. तिनं जे पाहिलं ते सांगितलं. हे तुझ्या कानावर आलंय की नाही मला माहीत नाही. आता आलं.

गेल्या महिन्यात तुझी बायको माझ्या ऑफिसात आली. पाणीपुरवठ्याची तक्रारखिडकी म्हणजे काय असतं तुला ठाऊक आहे, कुणाला पाणी येत नाही, कुणाला गढूळ येतं, आणि सगळ्यांना वाटतं ते मीच माझ्या घरून सोडते. त्या रांगेत ती उभी होती. पुढे बोलवलं तर मान हलवली, रांगेतच राहिली. तिचा नंबर आला तेव्हा खिडकीच्या जाळीला तोंड लावून म्हणाली, वहिनी, आमच्या ह्यांचं नाव कमी करा. आता माझ्या खिडकीवर हे वाक्य रोजचं आहे. घरातलं माणूस गेलं की नळाच्या खात्यावरून त्याचं नाव कमी करायला लोक येतात, हातात दाखला असतो, आवाज बसलेला असतो. माझ्या तोंडून सवयीनं गेलं, कधी वारले? गेलं ते गेलंच. ती माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, ते वारायला नकोत म्हणूनच आलेय.

मागच्या माणसानं रांग तुंबली म्हणून आवाज चढवला. मी खिडकी लावून तिला मागच्या पायरीवर नेलं. ती फार बोलली नाही, तुझ्यासारखीच आहे तीही. म्हणाली, घरात तुम्ही तिघं जेवायला बसता तेव्हा तू चौथं ताट मांडल्यासारखा तुझ्या साहेबांना धरून असतोस, लेकीशी दोन शब्द नाहीत. म्हणाली, त्यांना मी इस्पितळातून आणलं वहिनी, यंत्र बंद करू दिलं नाही, डॉक्टरांशी भांडले, नातेवाइकांशी भांडले. आणि आणून कुणाला दिलं, तर दगडाला. जोवर नाव आहे तोवर ते घरी येणार नाहीत. तिला पाणी दिलं आणि समितीपुढे विषय ठेवते म्हणाले.

विषय ठेवण्याआधी मी पाथरवटाकडे जाऊन आले. म्हाताऱ्याला आता दिसत नाही, काम त्याचा मुलगा बघतो. तो येऊन दगड पाहून गेला, बोटं फिरवून गेला. म्हणाला, बाई, अक्षरं खोल आहेत, वडील खोलच कोरायचे. एकच नाव घासलं तर तिथं खड्डा पडेल आणि येणारा जाणारा आधी तिथंच बघेल. काढायचं तर सगळा दगड उतरवून दर्शनी बाजू सपाट करावी लागेल, म्हणजे वरचं नावही जाणार. ते मी पुन्हा कोरून देईन, पण माझा हात वडिलांसारखा नाही, हे आधीच सांगतो. वरचं नाव कुणाचं आहे हे त्याला माहीत नव्हतं. मी सांगितलंही नाही. त्याला मजुरी विचारली आणि घरी आले.

हजर, त्या रात्री मला जेवण गेलं नाही. तुला वाटत असेल, वहिनीला काय, अध्यक्षबाई आहेत, ठराव करून मोकळ्या. वरच्या नावाचं शेवटचं अक्षर जरा तिरकं आहे बघ, म्हाताऱ्याचा हात तिथं हलला असावा. मी प्रत्येक खेपेला त्यावरून बोट फिरवते, लोकांना दिसणार नाही असं. ह्यांच्या कपड्यांचा वास केव्हाच उडाला, फोटो बघून बघून निर्जीव झाले, आवाज तर मला आता आठवायचा म्हटला तरी आठवत नाही, त्याचं मला फार वाईट वाटतं. बोटाला लागेल असं तेवढं एक अक्षर राहिलंय. आता तेही घासायचं. तुझ्या बायकोचा थोडा रागही आला, खोटं कशाला बोलू.

तरी विषय ठेवला. बैठकीला पाचही जण होते. कलमसाहेबांनी नियमांचं पुस्तक आणलं होतं, खुणेचे कागद घालून. म्हणाले, नाव घालण्याचे नियम आहेत, पुरावे काय, कागद काय, सगळं आहे. नाव काढण्याचा नियमच नाही. बरोबरच आहे. नियम करताना आपल्यातलं कुणी परत येईल हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. म्हणाले, एकदा कोरलेलं खोडायला लागलो तर उद्या कुणीही उठून काहीही मागेल, माझा विरोध नोंदवा. ती चूक त्यांची, सगळ्यांना माहीत आहे, आणि ते नाव खोडलं की ती चूक होती असं कायमचं कबूल होतं. मला त्यांची दया आली. इतक्या कडक माणसाची दया येणं बरं वाटत नाही.

बसड्रायव्हर तुझ्याच बाजूनं बोलला. त्याची बायको वाहतूक शाखेत होती, चौकात गेली, त्यामुळे तो बोलायला लागला की कुणी मध्ये पडत नाही. म्हणाला, त्याला हवंय ना, मग राहू दे की. त्या पोराकडे दुसरं उरलंय काय? सकाळी उठून कुठंतरी जायला लागतं माणसाला. मग त्यानं तुझा निरोप सांगितला, की माझं नाव काढलंत तर साहेबांजवळ कोण? खाली कुणीतरी इंजिन चालू केलं म्हणून बरं झालं. मास्टर, म्हणजे आपले शिंपीकाका, ज्यांची लेक फौजदार होती, ते कधी बोलत नाहीत. ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, चुकीची शिवण बसली तर उसवावी लागते. कापड दुखेल म्हणून तशीच ठेवली तर अंगातच येत नाहीत ते कपडे. माझं मत, नाव काढा. झाले दोन विरुद्ध एक.

मावशी आपल्या नेहमीप्रमाणे डोळे मिटून बसल्या होत्या. आम्हाला वाटलं झोपल्या. त्यांना ऐकू कमी येतं म्हणून मी कानाशी जाऊन पुन्हा सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, यात विचारायचं काय आहे? उद्या मला कुणी येऊन सांगितलं, की म्हातारे, तुझ्या पोराचं नाव तिथं चुकून लागलंय, तर मी छिन्नी घ्यायला थांबेन होय? नखांनी काढेन. एवढं बोलून त्यांनी पुन्हा डोळे मिटले. दोन विरुद्ध दोन. कलमसाहेबांनी पुस्तकातून वाचून दाखवलं, की मतं समसमान झाल्यास अध्यक्षांचं मत निर्णायक. मग पुस्तक मिटून, कलम वगैरे न लावता, म्हणाले, वहिनी, वरचं नाव तुमच्या घरचं आहे, तुम्ही नाही म्हणालात तर कुणीही शब्दानं विचारणार नाही.

मी हो म्हणाले. नाव कमी करा म्हणाले. सोमवारी पाथरवटाचा मुलगा दगड उतरवायला येतोय. पुन्हा बसेल तेव्हा त्यावर एकच नाव असेल. तू आता पत्र खाली ठेवलं असशील तर उचल, अजून संपलं नाही.

तुला वाटेल, वहिनीनं मला साहेबांपासून तोडलं. तुझ्या डोक्यात काय चालतं ते मला ठाऊक आहे. इतक्या रविवारांत तू मला त्या दिवसाचं एकच वाक्य दिलंस, वर आलेला घास बाहेर काढावा तसं. म्हणालास, वहिनी, पुढे जायची पाळी माझी होती. त्यावर मी तुला काही बोलले नाही, आणि तू धरून चाललास की मी मनात तुला दोष लावते. अरे वेड्या, त्या माणसानं आयुष्यात कधी कुणाला पाळी दिली होती का? आंघोळीला पहिला, ताटावर पहिला, लग्नाच्या फोटोत माझ्यापुढे अर्धं पाऊल. जिन्यात तेवढा तो तुला पुढे सोडेल? चौकशी समितीनं त्या जिन्यावर चिक्कार पानं लिहिलीत, मी ती वाचली नाहीत आणि वाचायचीही नाहीत. मला तुझा राग नाही. सुरुवातीला तुझ्या बायकोचा हेवा वाटायचा, तुला भरवताना तिला बघितलं की मी वॉर्डातून बाहेर जायची. तुझा राग मात्र कधीच आला नाही. हे मी आधीच बोलायला हवं होतं, पण तू कान फिरवायचास आणि मलाही ते सोयीचं होतं.

रविवारी भिंतीपाशी येऊ नकोस असं मी म्हणत नाही. ये, कुंड्या तुझ्याशिवाय कुणी हलवत नाही. हजेरीलाही ये आणि साहेबांचं नाव आलं की माझ्याबरोबर उभा राहा. पण एकदा माझ्या घरी ये. त्यासाठीच हे पत्र लिहिलंय, बाकी सगळं तुला कुणीही सांगितलं असतं. त्या दिवशी हे सकाळी उजाडताना घरातून निघाले ते मला माहीत आहे आणि संध्याकाळी जिन्यावर काय झालं ते साऱ्या जगाला माहीत आहे. मधला अख्खा दिवस फक्त तुझ्याकडे आहे. त्यांची वर्दी मला परत मिळाली तेव्हा वरून दुसरं बटण पांढऱ्या दोऱ्यानं लावलेलं होतं, ओबडधोबड, आतून गाठ मारून. ते मी लावलेलं नव्हतं, सकाळी मी इस्त्री केली तेव्हा सगळी बटणं जागेवर होती. म्हणजे दिवसात कधीतरी ते तुटलं, कुणीतरी सुई शोधली, कुणीतरी दोरा ओवला, हे कुठंतरी बसून राहिले असतील, काहीतरी बोलले असतील, चिडले असतील नाहीतर हसले असतील. इतकी वर्षं मी ते बटण बघतेय आणि कुणाला विचारायचं ते कळत नव्हतं, कारण ज्याला माहीत आहे तो स्वतःच भिंतीवर जाऊन बसला होता. आता तू खाली आलायस. ये आणि मला सांग, ते बटण कुणी लावलं?

तुझीच,
वहिनी